पहिली मॅच देवाला

आम्हा हिंगणेकरांची क्रिकेटनिष्ठा कॅलेंडर बघून बदलते. फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरच्या जामठ्याला रणजीची सेमीफायनल झाली. पार्थ रेखडेनं एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघं काढले. सूर्याच्या नावापुढे भोपळा! विदर्भानं मुंबईला 80 धावांनी लोळवलं आणि वानाडोंगरीच्या टपरीवर लोक तर्री-पोह्याच्या प्लेटा सांभाळत नाचले. "मुंबईवाल्यांचा माज उतरवला बे!" वेगळा विदर्भ त्या दुपारी जवळजवळ झालाच होता.

23 मार्चच्या रात्री, आयपीएल सुरू होताच, तीच मंडळी, तीच टपरी, फक्त अंगात मुंबई इंडियन्सची निळी जर्सी. आता सूर्या आपला. हार्दिकवर एका मॅचची बंदी, म्हणून कॅप्टनही तोच. चेपॉकवर पहिल्याच ओव्हरमध्ये रोहित शून्यावर गेला. टपरीवाल्याची नजर टीव्हीवर, चहा कप भरून बशीत, बशी भरून माझ्या पँटवर. पुढे सूर्याचा जरा जम बसला, तर नूर अहमदला मारायला तो क्रीजबाहेर निघाला आणि 43 वर्षांच्या धोनीनं पापणी लवायच्या आत बेल्स उडवल्या. कशाबशा 155 झाल्या. चेन्नईनं त्या पाच बॉल राखून काढल्या. त्यातही ऋतुराजचे 26 बॉलमध्ये 53. मराठी पोरगा म्हणून कौतुक करावं, तर तो पुण्याचा निघतो.

पण रडलं कोणीच नाही. "पहिली मॅच देवाला, भाऊ." 2013 पासून मुंबईनं सलामीची मॅच जिंकलीच नव्हती, आणि पाचही करंडक त्याच काळात आणले. 2015 ला तर पहिल्या चार घालवून.

बोस्टनच्या भाच्याला हे फोनवर ऐकवलं, तर म्हणे, मामा, इकडेही हेच. तिथले अमेरिकन फुटबॉलवाले पेट्रियट्स 2003 ची सलामी खेळायला बफेलोला गेले, 31-0 मार खाऊन आले, आणि शेवटी सुपर बोल घेऊन बसले. मधल्या काळात त्याच बफेलोला घरी बोलावून 31-0 नंच हाणलं. इतका चोख हिशोब आमच्या किराणावाल्याच्या वहीतही नसतो.

मी निश्चिंत झालो. 29 मार्चला मुंबई अहमदाबादेतही 36 धावांनी हरली.

"आता ही कोणाले वाहिली?" बायकोनं विचारलं.

"कुळदेवतेला."

"पाहा हं. देव तेहतीस कोटी आहेत, अन् मॅचा चौदाच."