आल्प्सचा डिंक आणि किनवटचा रस्ता

परदेशातील डोंगररस्त्यांवर स्वतः गाडी हाकत सहल करण्याचे जे लोण पुण्या-मुंबईकडून निघून नांदेडमार्गे अलीकडे किनवटपर्यंत येऊन पोचले आहे, त्याच्या नियोजनशास्त्रात सर्वाधिक काथ्याकूट ज्या वस्तूवर होतो ती वस्तू म्हणजे गाडीच्या समोरच्या काचेवर लावायचा, तळहाताहून लहान असा डिंकाचा कागद होय. युरोपात त्याला व्हिनेट म्हणतात. आपल्याकडील टोलनाका प्रत्येक फेरीला पैसे घेतो, म्हणजे ही आकारणी फेरीवर आधारलेली असते. व्हिनेट मात्र मुदतीवर आधारलेले असते, म्हणजे ठरावीक काळासाठीचे पैसे एकदा भरले आणि कागद काचेला डकवला की त्या काळात त्या देशातील द्रुतगती मार्गांवर कितीही हिंडता येते आणि वाटेत कोणी अडवत नाही. स्वित्झर्लंडने ही पद्धत १९८५ साली सुरू केली. तेथील व्हिनेटची किंमत ४० फ्रँक असून ते फक्त वर्षाचेच मिळते. आठवड्याचे, पंधरवड्याचे किंवा पाहुण्यांसाठीचे असे काही मिळत नाही. त्यातही ते 'वर्ष' आदल्या १ डिसेंबरला सुरू होऊन पुढल्या ३१ जानेवारीला संपते, म्हणजे चौदा महिन्यांचे असते.

या चौदा महिन्यांनी किनवटमधील किमान एका घराची झोप उडवली आहे. असे घर ओळखण्याची लक्षणे वाचकांना ठाऊक असल्याने ती येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही: मुलगा म्युनिकला, जावई हिंजवडीला, निवृत्त गुरुजी किनवटला आणि तिघांना बांधून ठेवणारा एक व्हॉट्सअ‍ॅप गट. सहल बारा दिवसांची, त्यातले स्वित्झर्लंडमधील दिवस पाच, आणि कागद चौदा महिन्यांचा. उरलेल्या तेरा महिन्यांहून अधिक काळाचे काय करायचे, हा प्रश्न गुरुजींनी एकदा मांडल्यापासून नियोजनाची मूळ दिशाच बदलली. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला घेतलेले व्हिनेट सर्वाधिक काळ चालते, म्हणून सहल डिसेंबरात काढावी आणि पैसे वसूल करावेत, अशी सूचना जावयांकडून आली. डिसेंबरात उंचावरचे घाट बर्फाखाली बंद असतात, असे म्युनिकहून कळवण्यात आले. घाट बंद असले तरी व्हिनेट चालू असते, असे उत्तर जावयांनी दिले. तर्काच्या दृष्टीने या उत्तरात खोट काढता येत नाही.

पुढचा प्रश्न डिंकाचा. स्विस नियमानुसार कागद काचेला प्रत्यक्ष चिकटलेलाच हवा. तो नुसता काचेमागे ठेवणे, सेलोटेपने लावणे किंवा एका गाडीवरचा काढून दुसरीवर डकवणे हे सर्व न घेतल्यासारखेच धरले जाते आणि त्यासाठी २०० फ्रँक दंड पडतो, वर व्हिनेटची किंमत वेगळी. अशा परिस्थितीत तो काढावा कसा, यावर गटात तीन पंथ निर्माण झाले. साबणपंथीयांच्या मते कोमट पाणी पुरे. उष्णपंथीय केस वाळवण्याच्या यंत्रावर विश्वास ठेवतात. आणि तिसरा, सर्वांत धाडसी पंथ काच व कागद यांच्यामध्ये आधीच पारदर्शक प्लॅस्टिक लावून ठेवावे असे मानतो. कागद काढण्याची गरजच का पडावी, तो पुन्हा कोणाच्या गाडीला लावायचा आहे, नांदेड-किनवट मार्गावर स्विस व्हिनेट कोण तपासणार आहे, हे प्रश्न तिन्ही पंथांना गौण वाटतात. हा सगळा वाद मिटवणारी डिजिटल सोय स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून उपलब्ध आहे, तिच्यात पैसे गाडीच्या क्रमांकाशी जोडले जातात आणि डिंकाचा संबंधच उरत नाही; परंतु भाड्याच्या गाडीचा क्रमांक किल्ली हातात पडेपर्यंत कळत नाही, असा तांत्रिक आक्षेप नोंदवून गटाने ती फेटाळली. खरा आक्षेप निराळा असावा. डिजिटल पावतीबरोबर छायाचित्र काढता येत नाही.

अखेर कोणीतरी अशी माहिती आणली की झुरिकमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीच्या काचेवर व्हिनेट आधीच लावलेले असते. गट एकदम गप्प झाला. पुष्कळ दिवसांनी गुरुजींनी निर्णय जाहीर केला: गाडी झुरिकमध्ये न घेता म्युनिकमध्ये घ्यावी, म्हणजे व्हिनेट स्वतः विकत घेऊन स्वतः लावता येईल.

म्युनिकहून निघायचे ठरल्यावर नकाशाला नवे फाटे फुटले, कारण जर्मनीत मोटारींना पथकरच नाही, ऑस्ट्रियात दहा दिवसांचे वेगळे व्हिनेट लागते, त्याची किंमत बारा-तेरा युरोंच्या घरात असते आणि ब्रेनरसारख्या काही मार्गांचे पैसे त्याउपर निराळे मोजावे लागतात. ऑस्ट्रियाने डिसेंबर २०१९ पासून सीमेलगतचे काही तुकडे, उदाहरणार्थ जर्मन सीमेपासून होहेनेम्सपर्यंतचा आणि दुसरीकडे कुफस्टाइनपर्यंतचा, व्हिनेटमधून वगळले. कर चुकवण्यासाठी द्रुतगती मार्ग सोडून गावागावांतून जाणाऱ्या गाड्यांनी तेथील रहिवाशांचे जिणे नकोसे केले होते, हे त्यामागचे कारण. ही माहिती हाती येताच गटात जो उत्साह संचारला तो पोळ्याच्या दिवशीही दिसत नाही. होहेनेम्सला उतरायचे, ऱ्हाइन ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरायचे आणि ऑस्ट्रियाच्या तिजोरीत दमडीही पडू द्यायची नाही, असा मार्ग आखला गेला. त्यासाठी ऑस्ट्रियातील एक मुक्काम, एक तळे आणि थोरल्या सुनेने आग्रहाने सुचवलेले इन्सब्रुक वगळावे लागले, परंतु तेरा युरो वाचले. लाखाच्या घरातले विमानाचे तिकीट, व्हिसासाठी अनिवार्य असलेला किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि हॉटेलांची बिले ज्यांनी पापणी न लवता भरली, त्यांनी तेरा युरोंसाठी एक अख्खा देश टाळला. जर्मनी-ऑस्ट्रियात द्रुतगती मार्गाचे फलक निळे असतात आणि स्वित्झर्लंडमध्ये हिरवे, तर स्वित्झर्लंडमधला निळा फलक साध्या मुख्य रस्त्याचा असतो, म्हणून चुकून पैशांच्या रस्त्यावर चाक पडू नये यासाठी रंगांचा एक तक्ता तयार करून तो किनवटच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घेण्यात आला. स्विस व्हिनेट विकत घ्यायचेच आहे, मग तेथे हा तक्ता कोणत्या संकटापासून वाचवणार, हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.

आता या शास्त्रातील मूलभूत विसंगतीकडे वळावे लागते. ज्या घाटांसाठी हा खटाटोप चालला आहे, म्हणजे २,४२९ मीटर उंचीवरचा फुर्का, २,१६४ मीटरवरचा ग्रिम्सेल आणि २,२२४ मीटरवरचा सुस्टेन, त्यांपैकी एकाही घाटरस्त्याला व्हिनेट लागत नाही. ते साधे मुख्य रस्ते आहेत. व्हिनेट लागते ते खालच्या सपाट, सरळसोट मार्गांना आणि १९८० साली खुल्या झालेल्या गॉटहार्डच्या सुमारे सतरा किलोमीटर लांबीच्या बोगद्याला, म्हणजे डोंगर अजिबात पाहायचा नसेल तेव्हा त्याच्या पोटातून जाण्याला. जे पाहायला जायचे ते फुकट आणि जे टाळायचे त्याचे पैसे, असा हा हिशेब आहे. ऑस्ट्रियातील ग्रॉसग्लॉकनरचा रस्ता हा एक अपवाद आहे. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटरांचा, ३६ वळणांचा तो रस्ता स्वतंत्र पैसे घेतो आणि तेथे व्हिनेट दाखवून उपयोग होत नाही. त्यातून महाराष्ट्रातील शाळांची सुट्टी मे महिन्यात आणि हे उंच स्विस घाट बहुधा मेअखेरीस किंवा जूनमध्ये उघडणारे, त्यामुळे चौदा महिने चालणारा कागद काचेला लावून बंद फाटकापुढे उभ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाचे छायाचित्र लवकरच पाहायला मिळेल.

हेच कुटुंब मायदेशी डिंकाशी कसे वागते, तेही नोंदवले पाहिजे. फास्टॅग हाही काचेवर डकवायचाच कागद. त्याच्या पोटात बॅटरी नसलेली एक चिप असते, नाक्यावरच्या यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींवर ती जागी होऊन आपला क्रमांक सांगते आणि जोडलेल्या खात्यातून पैसे वळते होतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा आहे. गुरुजींच्या घरच्या गाडीचा फास्टॅग मात्र समोरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदाच्या घडीत असतो आणि नाका आला की हात बाहेर काढून तो यंत्राला ओवाळला जातो. अशा 'हातातल्या' फास्टॅगांना काळ्या यादीत टाकण्याचा आदेश २०२५ च्या जुलैत निघाला, तेव्हा हा नागरिकांवर अन्याय असल्याचे मत याच गटात व्यक्त झाले होते. फास्टॅग काचेवर का लावत नाही, याचे उत्तर साधे आहे: जागा नाही. मध्यभागी माहूरची रेणुकामाता आहे, तिचा मान निर्विवाद. परंतु तिच्या डावीकडे एका निवडणुकीतला वाहनपास आहे, त्याखाली कोणा अधिवेशनाचे स्वागतपत्र आहे, आणि उजवीकडे लाल अक्षरांत 'प्रेस' असे लिहिलेले आहे, जे गुरुजींच्या पुतण्याने दहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात चारोळी छापून आल्याच्या बळावर आणले. भारतीय गाडीच्या काचेवरचा कागद पैसे भरल्याचे क्वचितच सांगतो. पैसे का मागू नयेत, ते सांगतो. नाक्यानाक्यावर सूट मिळणाऱ्यांची जी यादी पुरुषभर उंचीच्या फलकावर रंगवलेली असते, तिच्यात आपले नाव आज ना उद्या येईल, या आशेवर हा देश गाडी चालवतो. ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्यांचा पास मिळू लागला, तेव्हा गुरुजींचा पहिला प्रश्न तो समृद्धीवर चालतो का, हा होता. चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. मग घेऊन उपयोग काय, असे म्हणून विषय संपवण्यात आला. स्वित्झर्लंडच्या पाच दिवसांसाठी ४० फ्रँक, म्हणजे चार हजारांहून अधिक रुपये, द्यायला मात्र हरकत नव्हती.

एवढ्यावर हसून सोडून देता आले असते, पण ज्या घरात हे नियोजन चालते त्या घराच्या दारातून कोणता रस्ता जातो, हेही पाहावे लागते. किनवट ते नांदेड हे अंतर हिमायतनगर-भोकरमार्गे दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. परदेशात गाडी चालवण्यासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय परवाना देणारे परिवहन कार्यालय नांदेडला, पारपत्राचे कार्यालय नांदेडला, जिल्ह्याचे सगळे सरकार नांदेडला. म्हणजे आल्प्सला निघालेल्या किनवटकराचा पहिला घाटप्रवास भोकरच्या बाजूलाच पार पडतो, आणि तो कोणत्याही व्हिनेटशिवाय. फुर्काच्या चढाची टक्केवारी, अँडरमाटपासून ग्लेच्चपर्यंत लागणारी मिनिटे, वाटेतल्या शौचालयांची ठिकाणे हे सारे गटात मुखोद्गत आहे. पावसाळ्याच्या रात्री अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी किनवटहून आदिलाबादला किती वेळात पोचते आणि नांदेडला किती वेळात, हा तक्ता कोणी लॅमिनेट केलेला नाही. रुग्णवाहिकेला टोल माफ असतो. खड्डे माफ नसतात. किनवट जिल्हा व्हावा ही मागणी ऐकत एक पिढी म्हातारी झाली, साग तोडून झाला, पैनगंगेला कितीतरी पूर येऊन गेले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सही आणायला जाणाऱ्याचा अख्खा दिवस आजही एका सहीतच जातो. तेरा युरो वाचवण्यासाठी तीन देशांचे नियम पाठ करणाऱ्या बुद्धीने एखादी संध्याकाळ या रस्त्याच्या निविदेचा कागद वाचण्यात घालवली असती, काम कधी संपायचे होते आणि हमीची मुदत किती होती एवढे दोन प्रश्न लेखी विचारले असते, तर काय बिघडले असते? परंतु त्या कागदाला डिंक नसतो.

तेव्हा किनवटनेही स्वतःचे व्हिनेट काढावे, असा प्रस्ताव येथे मांडणे उचित ठरेल. ते विकत घ्यायचे नसून मिळवायचे असावे. नांदेडहून भोकरमार्गे जो कोणी किनवटला धडधाकट पोचेल त्याच्या काचेवर तहसीलच्या दारात ते डकवावे, आणि काचच फुटली असेल तर कपाळावर. मुदत स्विसप्रमाणे चौदा महिन्यांची ठेवण्यास अडचण नाही, फक्त पावसाळ्याचे चार महिने त्यातून वजा धरावेत. डिंक मे महिन्यातले चव्वेचाळीस अंश सोसणारा हवा, त्यासाठी गटातील उष्णपंथीयांचा सल्ला घ्यावा. व्हिनेटवर सहस्रकुंडाचे चित्र छापावे, म्हणजे रस्त्यातले पाणी आणि धबधब्यातले पाणी यांत परक्या माणसाचा घोटाळा होणार नाही. यातून सूट कोणालाच नसावी, आणि याबाबतीत कडक राहावे: टोलनाक्यावरच्या त्या पुरुषभर फलकावर ज्यांची ज्यांची पदे रंगवलेली आहेत, त्या सर्वांना भोकरला गाडीतून उतरवून किनवट आगाराच्या एसटीत, शेवटच्या बाकावर, मागच्या चाकाच्या बरोबर वर बसवावे, आणि वाहकाने त्यांच्याकडून पूर्ण तिकीट घ्यावे.