चढून आलात की!

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा मनाचा मोठा. त्याला 21 प्रकारची दिव्यांगता मान्य आहे. सवलतींचं दार मात्र बहुतेक वेळा 40 टक्क्यांनाच उघडतं. वैद्यकीय बोर्डाने पायाची लांबी मोजली, स्नायूंचा जोर पाहिला, बेरीज 39 झाली. म्हणजे तुम्ही सरकारदरबारी जवळजवळ धडधाकट! निराधार अनुदानाचा अर्ज नामंजूर.

खचू नका, बोर्डाच्या टक्क्यांविरुद्ध अपिलाची सोय आहे. 90 दिवसांची मुदत, आणि टेबल दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट? दुरुस्तीला. कठड्याला धरत, कुबडी सावरत वर पोहोचलात, की साहेब चष्म्यावरून बघतात : "चढून आलात की तुम्ही! मग अडचण काय?" मुलाला पाठवलंत, तर "अर्जदार समक्ष हवा". जुना एक्स-रे चालत नाही. हाड तेच असलं म्हणून काय झालं, तारीख शिळी आहे ना!

एवढं करून अपील मंजूर झालंच, तर प्रमाणपत्रावर शेरा असतो : 'तात्पुरते, पाच वर्षांनी फेरतपासणी'. लहानपणी पोलिओने नेलेला पाय मध्यंतरी परत आला, तर शासनाची फसवणूक नको व्हायला.