आयकॉन नावाची हौस

पाऊण लाखात अमेरिकन गाडी घ्यायची असेल तर नागपुरात मस्टँग शोधू नये. फोर्ड आयकॉन घ्यावी. आली तेव्हा ती खास भारतासाठी घडवलेली होती, आता खास हौशी माणसासाठी उरली आहे. शेवरलेनं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, २०२१ मध्ये फोर्डनंही इथे गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं. मायबाप गेले, पोरं वर्धा रोडवर.

घेतली की सुधारणा आलीच. आधी अलॉय व्हील, मग धडधडणारा म्युझिक सिस्टम, मग बोनेटवर काळे पट्टे. एसीचं नंतर बघू, कारण बजेट संपलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून सगळ्या रस्त्याला गाणी ऐकवायची. मेकॅनिक बोनेटखाली डोकं घालून म्हणतो, "भाऊ, पार्ट मिळून जाईन, पण टाइम लागन." त्याचा टाइम म्हणजे दिवाळी.

तोवर सरकारही तुमची आठवण ठेवतं. जुन्या मोटारीची नोंदणी वाढवायला पूर्वी सहाशे रुपये लागत. २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार. भंगार धोरण आणणारे रस्ते वाहतूक मंत्री नागपूरचेच खासदार, त्यामुळे तक्रार बाहेर न्यायची सोयच नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी हवी. काळ्या पट्ट्यांना मात्र कोणी विचारत नाही, म्हणून सगळा पैसा तिकडेच जातो.