टाकीदार

जहागिऱ्या खालसा झाल्या, इनामे संपुष्टात आली, कुळकायद्याने उरलीसुरली जमीनदारीही निकालात काढली. तथापि आपल्या हुकमतीखाली थोडीबहुत प्रजा असावी, ही मध्यमवर्गीय गृहस्थाच्या अंतःकरणातील सनातन आकांक्षा पुण्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, तीन फूट लांबीच्या काचेच्या टाकीत, अद्यापि सुखेनैव नांदत आहे. या संस्थानाच्या अधिपतीस टाकीदार म्हणणे मला उचित वाटते.

टाकीदार हा मोठा दयार्द्र पुरुष असतो. चिरंजीव कितव्या इयत्तेत आहेत हे सांगताना तो क्षणभर घुटमळेल, परंतु आपल्या एंजल माशांना २६ अंशांचे पाणी मानवते आणि पौषातली थंडी बाधते, हे तो झोपेतही सांगेल. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून तो ते रात्रभर बादलीत ठेवतो, आणि त्या बादलीस हात लावण्याची घरात कोणालाही मुभा नसते; सगळे पाणी एकदम पालटल्यास प्रजेस क्लेश होतील म्हणून पाव हिश्शाहून अधिक तो एका वेळी काढीत नाही; आणि एखाद्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले, की हीटर दोन अंशांनी चढवून आणि खडेमीठ तोलून टाकून, पत्नीच्या तापात जे जागरण त्याच्या हातून घडले नव्हते ते तो विनातक्रार करतो. मिठाने पाणी अधिक विद्युद्वाहक होते, ही गोष्ट मात्र त्याच्या वैद्यकात कोठे नमूद नसते.

त्याची ही भूतदया टाकीच्या दर्शनी काचेपुरतीच असते. मागे, भिंत आणि स्टँड यांच्यामधल्या चार बोटांच्या बोळात, जो कारभार चाललेला असतो त्याची तपासणी कोणा मामलेदाराने केली असती तर संस्थान त्याच दिवशी जप्त झाले असते. तेथे टाकीच्या काठाखाली एका खिळ्यावर एक्स्टेंशन बोर्ड लटकत असतो, आणि त्यावर पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून दुधाची रिकामी पिशवी रबराने बांधलेली असते. एका सॉकेटात फिल्टर, दुसऱ्यात दिवा, तिसऱ्यात ज्याला सारे जग ऑक्सिजनचा पंप म्हणते तो हवेचा पंप, आणि चौथ्यात पिन तुटलेल्या हीटरच्या दोन उघड्या तारा, आगपेटीच्या काड्या ठोकून घट्ट बसविलेल्या. अर्थिंगचे भोक सर्वत्र रिकामे. तारा काठावरून थेट बोर्डात उतरलेल्या. त्यांना बोर्डाच्याही खाली झोळ देऊन मग वर घेतले असते तर ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडला असता, आणि या सुधारणेस दमडीचाही खर्च नव्हता. परंतु ज्या बाबीस खर्च नाही तिचा विचार करण्याची टाकीदारास सवय नसते. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असल्यामुळे वीज गेली की टाकीतले पाणी नळीवाटे त्याच्या पोटात उतरू शकते, आणि ते अडविणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व, माझ्या परिचयातील टाकीदारांच्या घरी, पुडीतच आहे.

या व्यवस्थेबद्दल कोणी शंका काढली तर त्याचे उत्तर ठरलेले. “मासे जिवंत आहेत ना? मग पाण्यात करंट येईलच कसा?” हा युक्तिवाद इतक्या शांत चित्ताने केला जातो की ऐकणारा क्षणभर स्वतःच्याच शंकेने ओशाळतो. वस्तुतः टाकी काचेची, तिच्याखाली थर्माकोल, त्याखाली प्लायवूड. विजेला जमिनीकडे जाण्यास वाटच नाही. हीटरची नळी तडकून पाणी २३० व्होल्टांनी भारले गेले तरी सगळे पाणी, आणि त्याबरोबर सगळे मासे, एकाच विद्युद्दाबावर असल्यामुळे कोणाच्याही अंगातून उल्लेखनीय प्रवाह वाहत नाही, आणि ते पूर्ववत शेपट्या हलवीत राहतात. वाट मिळते ती अनवाणी उभ्या असलेल्या मनुष्याने पाण्यात हात घातल्यावर. माशांची साक्ष या मुकदम्यात सर्वस्वी निरुपयोगी आहे.

निरुपयोगी नव्हती ती मावशींची साक्ष. टाकीची काच आतून घासण्याचे काम टाकीदारांनी त्यांजकडे सोपविले होते, आणि त्यांनी एके दिवशी सरळ फिर्याद गुदरली: “दादा, तुमचं पाणी चावतंय.”

“अंगठ्याला चीर गेली असेल, मावशी,” टाकीदार म्हणाले. यात तथ्यांश होता. कोरड्या कातडीला न जाणवणारी गळती चिरेतून झोंबते. निदान अचूक करून उपचार भलत्याचाच करावा, हे कसब मात्र टाकीदारांचेच. त्यांनी मावशींस मलम दिले.

पत्नीने अखेरीस वायरमनला पाचारण केले. “काका, घरात आर.सी.सी.बी. नाही,” तो म्हणाला. टाकीदारांनी मोठ्या दिमाखाने एम.सी.बी.कडे बोट दाखविले. वायरमन विनयशील असल्यामुळे एवढेच म्हणाला, की तो तारा जळू नयेत म्हणून आहे, काका, माणसं जळू नयेत म्हणून नाही. हिशेब सोपा आहे. ६ अँपिअरचा एम.सी.बी. ६,००० मिलिअँपिअरच्या आत हूं की चूं करीत नाही. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले, की सरासरी १६ मिलिअँपिअरलाच पुरुषाची मूठ अशी आवळते की धरलेली तार इच्छा असूनही सुटत नाही. आणि शंभराच्या आसपास तर हृदयाचा ताल बिघडण्याची धास्ती. आर.सी.सी.बी. हा खजिन्यावरचा चोख हिशेबनीस होय: फेजमधून गेलेली रक्कम न्यूट्रलमधून परत जमा झाली की नाही एवढेच तो अहोरात्र पाहतो, आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच, चौकशीस न थांबता, सेकंदाच्या अल्पांशात दप्तर बंद करतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम हातात धरणाऱ्यास मात्र तोही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी जमाखर्च जुळलेला असतो.

टाकीदारांचा आक्षेप किमतीवर नव्हता. मी कचेरीत असताना हा खटका पडला तर पंप बंद पडेल, आणि मासे गुदमरतील, असे ते सद्गदित होऊन म्हणाले. शेवटी तडजोड झाली ती अशी, की माशांसाठी सेलवर चालणारा पंप घ्यावा आणि माणसांसाठी आर.सी.सी.बी. बसवावा. पहिली खरेदी त्याच सायंकाळी झाली, दुसरीस महिना लागला. नवे यंत्र बसल्यावर त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे, पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळ्या पिना उपसाव्यात, हीटर निवल्यावाचून पाणी उपसू नये, असे वायरमनने जाताना बजावले. टाकीदारांनी मान डोलावली, आणि पिना होत्या तेथेच राहिल्या.

पुढच्या रविवारी मावशींनी फरशी पुसून काढली, आणि ओल्या पायांनीच टाकीत हात घातला. “आई गं!” आणि खटका एकदमच ऐकू आला, पंखा, फ्रीज, सगळे थंडावले. आदल्या रविवारी हेच घडते तर पुढे काय वाढून ठेवले होते, ते सांगण्याची आवश्यकता नाही. मावशी दंड चोळीत स्टुलावर बसल्या, पत्नी पाणी घेऊन धावल्या, आणि टाकीदार सेलवरच्या पंपाकडे धावले.

वायरमनने येऊन एकेक उपकरण काढीत हीटर बाहेर घेतला. काचेच्या नळीला केसाएवढी चीर होती आणि आत बोटभर पाणी साचले होते. टाकीदारांनी ती नळी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“म्हणजे इतके दिवस माझे मासे या पाण्यात होते?”

“आणि माझा हात कुठं होता, दादा?” मावशी म्हणाल्या.

टाकीदारांनी त्यांच्याकडे पाहिले, प्रश्न योग्य आहे अशा अर्थी मान हलविली, आणि वायरमनकडे वळून, एंजलांची भूक अलीकडे मंदावली होती ती यामुळेच काय, याची ते खोलात जाऊन विचारपूस करू लागले.