पीपीसीवाले काका

कंपनीच्या बसमध्ये तीनच जाती असतात असं मला वाटायचं: झोपणारे, भांडणारे आणि रील बघणारे. निगडीच्या थांब्यावर पीपीसीवाले काका चढायला लागले आणि माझा हिशेब चुकला. पीपीसी म्हणजे कुठला पार्ट कधी आणि किती काढायचा ते ठरवणारं खातं. चाकणच्या बहुतेक प्लँटमध्ये असा एक काका असतोच. त्याला घरातला गॅस सिलेंडरसुद्धा 'स्टॉक' दिसतो.

आमचे काका वाचनाचंही प्लॅनिंग करतात. वय ४६, रिटायरमेंट ५८ला, महिन्याला एक पुस्तक. म्हणजे हातात १४४. "कपॅसिटी कमी, ऑर्डर जास्त. ए-बी-सी लावायलाच पाहिजे!" न वाचता मेलो तर वर काय तोंड दाखवू, असं वाटायला लावणारी पुस्तकं 'ए'. दुसऱ्यानं वाचून सांगितली तरी भागतं ती 'बी'. साहेबांनी दिवाळीला वाटलेली, यशस्वी व्हा छाप सगळी 'सी'. ती थेट स्क्रॅपमध्ये.

पुस्तकाचं पहिलं पान काका बघतच नाहीत. "पहिला पीस सगळेच चांगला काढतात रे." मधलंच कुठलं तरी पान उघडायचं, एक परिच्छेद वाचायचा, सॅम्पल ओके तर लॉट ओके. २०१६च्या जानेवारीत पिंपरीत ८९वं साहित्य संमेलन भरलं. एच.ए.च्या मैदानावर काका सेकंड शिफ्ट मागून घेऊन रोज सकाळी हजर. स्टॉलमागून स्टॉल मधली पानं तपासली आणि घेतलं एकच पुस्तक, माडगूळकरांची 'बनगरवाडी'. ती घरी होतीच. "असू दे, ती मास्टर पीस."

'बनगरवाडी' त्यांची आजवर सात वेळा वाचून झाली आहे. मी विचारलं, "काका, मग ही सात धरायची ना?" त्यांचा चेहरा उतरला. "रिवर्क प्रॉडक्शनमध्ये धरत नाहीत." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठव्यांदा तेच पुस्तक काढलं, पण वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

पुस्तकाची जाडी ते पानांत मोजत नाहीत, तळेगाव चौकातल्या जाममध्ये मोजतात. बेडेकरांचं 'रणांगण' चार जामांचं. 'मृत्युंजय'ला अख्खा पावसाळा लागतो, कारण तेव्हा आंबेठाण चौकात खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या कंटेनरमागे बस तासभर हलत नाही. बाकीचे ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडतात. काका चष्मा पुसतात.

ऑगस्ट २०२४मध्ये बातमी आली: नाशिक फाटा ते खेड ३० किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केला. बसमध्ये कुणीतरी पेढे आणले. काकांनी पेढा घेतला, वही काढली आणि नेमाड्यांच्या 'हिंदू'पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'रिटायरमेंटनंतर'.

"काय झालं काका?"

"काय होणार? पूल झाला तर १४४मधली निम्मी गेली की रे!"