कॉमाचे पारखी

हिंजवडी असो की खराडी, सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रत्येक मजल्यावर एक पारखी असतात. काम साधंच असतं. ग्राहकाकडून रोज रात्री पत्त्यांची सीएसव्ही फाइल येते, ती जावामध्ये वाचायची आणि दुरुस्त करून परत लिहायची. नवं पोरगं उत्साहानं म्हणतं, "सर, कॉमावर स्प्लिट मारतो, जेवणाआधी देतो."

पारखी चहाचा कप खाली ठेवतात.

"आणि पत्ता 'फ्लॅट 4, मारुती मंदिराजवळ, कोथरूड' असा असला तर? पिनकोडच्या रकान्यात मारुती बसेल!"

पोरगं गप्प. "बरं, अख्खा पत्ता डबल कोटात आला, आणि त्या कोटाच्या आत कोणी एंटर मारला असेल तर?" हे मात्र कबूल करायला हवं की माणूस बोलतो ते खरं असतं. सीएसव्हीची रीत सांगणारं आरएफसी 4180 त्यांना तोंडपाठ. ते 2005 सालचं, तोवर सीएसव्ही कित्येक वर्षं बिनकायद्याचीच नांदत होती आणि ते आल्यावरही फारसं कोणी जुमानलं नाही, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो.

मग तयार लायब्रऱ्यांची स्थळं बघणं सुरू होतं. शेवटचा कमिट कधीचा, इश्यू किती तुंबलेत, कोणाकोणाचा भार अंगावर आहे? ओपनसीएसव्ही चांगली, पण सोबत बीनयुटिल्स आणते, नको. सुपर सीएसव्ही 2015 नंतर नव्या आवृत्तीनिशी दिसलेली नाही. युनिव्होसिटी धावायला चपळ, पण तिच्याकडे आता बघतंय कोण? जॅक्सन म्हणजे मुळात जेसनवाल्यांचं घर. राहता राहिली अपाचे कॉमन्स सीएसव्ही, तर तिच्यात काही दोष सापडत नाही, म्हणून ती संशयास्पद.

बीओएमवर त्यांचं व्याख्यान ऐकावं. युटीएफ-8 फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट नसले की एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडलेल्या मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं उभी राहतात. असले, की जावा ते आपणहून काढत नाही. मग 'नाव' हा पहिला रकाना डोळ्यांसमोर असून प्रोग्रॅमला सापडत नाही. पारखींनी यापायी एक दिवाळी ऑफिसात काढली आहे म्हणतात.

तुलनेचा तक्ता अर्थातच एक्सेलमध्ये. हिरवा, पिवळा, लाल. मॅनेजरबाईंनी तो सीएसव्ही करून मागितला तेव्हा सगळे रंग उडाले आणि पारखी दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

एव्हाना पोरग्यानं गुपचूप कॉमन्स लावून काम सोपवलेलं असतं. फाइली रोज रात्री येतात, जातात. पारखींना त्याचं काही नसतं. कारण त्यांनी स्वतःचीच लायब्ररी लिहायला घेतलेली असते. बीओएम ओळखते, कोटातला एंटर पचवते, कोणावर अवलंबून नाही. एका रविवारी ती गिटहबवर चढते.

खराडीच्या पारखींनी ती परवाच पाहिली. तक्त्यात लाल रंग भरला आणि शेरा लिहिला: एकच माणूस सांभाळतो, भरवसा नाही.