तुम्ही तुम्हीच कशावरून?

लोकल सिग्नलला जरा मंदावली की रुळांलगतच्या खांबाआडून एक होतकरू तरुण पुढे होतो आणि दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर काठी हाणतो. फोन खाली, गाडी पुढे. मुंबईत या मंडळींना ‘फटका गँग’ म्हणतात. प्रवासी डोंबिवलीला उतरेपर्यंत हिशेब करत असतो, की वीस हजारांना बसला फटका, त्यातले सहा हप्ते अजून बाकी. भाबडा आहे बिचारा. उतरलाय खरा, पण आता तो डोंबिवलीकर आहे याला पुरावा काय?

कारण आपल्याकडे माणूस ओळखायची रीत ठरून गेलीय. नंबरावर सहा आकडे येतात, ते सांगता आले तर तुम्ही तुम्ही. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला, तेव्हा त्यामागचा विचार चोख होता. एक गोष्ट तुमच्या डोक्यात हवी, दुसरी हातात. आपण डोक्यातलीही हातातल्यात नेऊन ठेवली. पासवर्ड ब्राउझरच्या आठवणीत, एटीएमचा पिन ‘गॅसवाला’ या नावाने कॉन्टॅक्टमध्ये, आधारचा फोटो गॅलरीत आणि डोकं रील बघायला मोकळं.

स्क्रीनला लॉक आहे म्हणून निश्चिंत असाल, तर चोर तुमच्याहून हुशार आहे. तो सिम काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये घालतो. ओटीपी येऊ लागतात. सिमला स्वतःचा वेगळा पिन लावता येतो, ही सोय स्मार्टफोनच्याही आधीपासूनची आहे. ती वापरणारा माणूस भेटलाच तर त्याचा सत्कार करायला हवा.

आता आपला डोंबिवलीकर कामाला लागतो. पोलीस ठाण्यात त्याला प्रेमाने सुचवलं जातं, की चोरी कशाला, ‘गहाळ’ लिहा, लवकर काम होईल. हातावर वळ असताना फोन गहाळ कसा होतो, हे विचारायची ती वेळ नसते. मग सिमच्या दुकानात ओळखपत्र मागतात. ते डिजिलॉकरमध्ये आहे. डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी कुठे जाणार, ते सांगायला नको. आधार क्रमांक पाठ असेल तर अंगठ्यावर भागतं. पण ज्याला बायकोचा नंबर पाठ नाही, त्याला बारा आकडे कुठून आठवणार? पाठ असतो एकच नंबर, स्वतःचा. तो लावला तर चोर उचलतो.

नवं सिम मिळालं समजा. त्यावर पहिले २४ तास एसएमएसच येत नाहीत. नियम उगाच केलेला नाही. भामटे दुसऱ्याच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून त्याचं खातं धुऊन न्यायचे, त्यांना आळा बसावा म्हणून दूरसंचार खात्याने ही सक्ती केली. आता सरकारच्या ‘संचार साथी’वर या. इथे फोनचा पंधरा आकडी आयएमईआय दिला, की तो फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद पाडता येतो. खरोखर उत्तम सोय आहे. सूचना मात्र सांगतात, की आधी हरवलेल्या नंबराचं डुप्लिकेट सिम घ्या, कारण ओटीपी त्यावर येईल. आणि पुढे प्रामाणिकपणे हेही सांगतात, की नव्या सिमवर एसएमएस २४ तासांनी सुरू होतात. म्हणजे चोराला रोखणाऱ्या नियमाने मालक एक दिवस रोखला गेला. चोर एव्हाना गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असतो.

तेवढ्यात ईमेल तरी उघडावा, म्हणून आपला गडी सायबर कॅफे शोधतो. तो बंद होऊन तिथे मोमोजचं दुकान झालेलं असतं. शेवटी मेहुण्याच्या लॅपटॉपवरून प्रयत्न करतो. पडदा म्हणतो, तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, ‘होय’ दाबा. दुसरा मार्ग विचारावा तर सल्ला मिळतो, की नेहमीच्या उपकरणावरून आणि नेहमीच्या ठिकाणावरून प्रयत्न करा. नेहमीचं उपकरण आता खांबाच्या मालकीचं आहे. पुन्हा प्रयत्न केला, की शांतपणे कळवण्यात येतं, हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटली नाही.

भांडायचं तरी कोणाशी? इथे खिडकीच नाही. सरकारी बँकेतल्या त्या ‘लंच टाइम आहे’ म्हणणाऱ्या बाईंची आपण किती टिंगल केली! पण त्या चष्म्यावरून बघून म्हणायच्या, “अहो, तुम्ही वामनरावांचे चिरंजीव ना? सही करा इथे.” जगातल्या बलाढ्य कंपन्यांना न जमलेली ओळख पटवणी त्या पोळी-भाजी गिळता गिळता करायच्या.

व्हॉट्सअ‍ॅपचं वेगळंच. सहा आकडी पिन लावला होता आणि विसरलात, तर सात दिवस थांबा. आपल्याकडे सुतकही दहा दिवसांचं असतं, हे सातात उरकतात. फोन बँकिंगवाले त्या मानाने साधे. आईचं नाव विचारतात. हे गुपित आपल्या सगळ्या लग्नपत्रिकांवर छापलेलं असतं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर राज्य सरकारने ते सक्तीचं केलंय. तो निर्णय चांगलाच आहे, बँकेने प्रश्न बदलावा.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या निर्देशांनुसार एसएमएसखेरीज इतर पुरावेही चालतात, बोटाचे ठसे वगैरे. ठसा आपलाच असणार, तो घेणारी काच फोनवर असणार.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, कोणाचाही फोन मागून कळवा. आणि ज्यांचा फोन अजून हातात आहे त्यांच्यासाठी एक जुनाट उपाय आहे. गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, एकेकदा वापरायचे. फोन नसला तरी दुसऱ्या पायरीला ते चालतात. बहुतेक लोक त्यांचा स्क्रीनशॉट काढतात. तो कुठे राहतो? बरोबर. तेव्हा कागद घ्या, बॉलपेनने उतरवा आणि एफडीच्या पावत्यांच्या डब्यात रेशनकार्डाखाली ठेवा. घरातल्या इंजिनिअर मुलाला मात्र सांगू नका. “बाबा, कागद काय ठेवता!” म्हणत तो त्याचा फोटो काढेल आणि तुम्हालाच पाठवेल.